जमीन सांगते तो डाव



कुस्तीच्या मैदानात सलामी झडण्याआधी एक छोटी गोष्ट घडते. पैलवान हौद्यात उतरतो, वाकतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि मग मूठभर माती उचलून दोन्ही तळहातांत चोळतो. बघणाऱ्याला वाटतं, नमस्कार झाला. तो तर झालाच. पण त्याच क्षणी हाताला कळलेलं असतं, की आज माती ओली आहे की कोरडी, मऊ आहे की घट्ट, अंगाला धरेल की सांडून जाईल. आज कोणता डाव चालेल आणि कोणता फसेल, याचा पहिला अंदाज तिथंच येतो.

कुस्ती बघताना आपण दोन पैलवान बघतो. तिसरा गडी आपल्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे पायाखालची जमीन. हवा बदलली की ती बदलते, गाव बदललं की बदलते, आणि देश बदलला तर इतकी बदलते की आयुष्यभर शिकलेली विद्या क्षणभर परकी वाटावी. आज मला या तिसऱ्या गड्याचा इतिहास सांगायचा आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

हा प्रश्न काही आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. नावात पाय असला तरी तो मुख्यतः हातांनी खेळतात. आपल्या हुतूतूसारखी त्यात अंगाला अंग भिडवून झोंबाझोंबी असते. चेंडू पुढं न्यायचे त्यात दोन मार्ग. एक, चेंडू छातीशी कवटाळायचा आणि समोरच्या भिंतीत धडक मारत जमिनीवरून पळायचं. दुसरा, लांब उभ्या असलेल्या आपल्या गड्याकडे तो हवेतून फेकायचा. पहिल्यात फायदा थोडा, पण भरवशाचा. दुसऱ्यात फायदा मोठा, पण चेंडू हातातून निसटण्याचा धोकाही मोठा. तिकडच्या उत्तरेकडच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी पडते. बोटं बधिर होतात, चेंडू दगडासारखा टणक होतो. म्हणून तिथला जुना शिरस्ता असा, की थंडीत फेकाफेकी करू नये, पळावं.

पण ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे या गावी झालेल्या अजिंक्यपदाच्या सामन्यानं या शिरस्त्याची परीक्षा घेतली. तापमान शून्याखाली पंचवीस अंश सेल्सिअस. मैदानाखाली विजेच्या तारा घालून जमीन उबदार ठेवण्याची सोय केली होती, ती निकामी ठरली आणि मैदानाचा बर्फ झाला. पंचांची धातूची शिट्टी ओठाला चिकटली, म्हणून उरलेला सामना शिट्टीविना खेळवावा लागला. डॅलसचा संघ सतरा विरुद्ध चौदा असा पुढं होता आणि पाचएक मिनिटं उरली होती. ग्रीन बेचा सूत्रधार बार्ट स्टार यानं तेव्हा काय करावं? शिरस्ता सांगत होता, पळा. पण बर्फावर पळणाऱ्याचेच पाय सटकत होते. स्टारच्या लक्षात आलं, की आपल्या गड्याला निदान आपण कुठं वळणार हे माहीत असतं; अडवणाऱ्याला ते माहीत नसतं, त्यामुळं तो वळताना अधिक घसरतो. त्यानं जवळच्या जवळ, छोट्या छोट्या फेकी करत चेंडू पुढं नेला. शेवटी रेषा दोन फुटांवर आली आणि सोळा सेकंद उरले. तेव्हा मात्र त्यानं चेंडू कुणालाच दिला नाही. मागून धावत येणारा घसरेल हे ओळखून तो स्वतःच चेंडू घेऊन घुसला. ग्रीन बे जिंकलं, एकवीस विरुद्ध सतरा.

या गोष्टीतला धडा मला मोलाचा वाटतो. 'थंडीत पळावं' हा नियम पाठ असलेले तिथं पुष्कळ होते. पायाखालचा बर्फ त्या घटकेला काय सांगतो आहे, ते ऐकणारा एक निघाला.

आता आपल्या हौद्याकडे येऊ. कृष्णाकाठची काळी जमीन उसाला सोन्यासारखी. पण ती हौद्याला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की तिची ढेकळं होतात. हौद्याला तांबडी माती लागते. ती आणायची, चाळायची, खडा-काडी वेचून काढायची. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर कालवायचा. जखम चिघळू नये, अंगाला माती सोसावी आणि माती मऊ राहावी, असे तीनही हेतू त्यात आहेत. ही माती रोज फावड्यानं उकरावी लागते. नवख्या पोराला तालमीत पहिलं काम मिळतं ते हेच. त्यात त्याचे खांदे तयार होतात आणि नकळत मातीची ओळखही होते.

या मातीला ऋतू असतात. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत फड भरतो, तेव्हा हवा कोरडी आणि माती गार असते. अंग लवकर तापत नाही. घाईनं मोठा डाव टाकावा तर स्नायू धरतो. म्हणून जाणता पैलवान आधी खडाखडीत वेळ काढतो, हाताला हात आणि मानेला मान लावून अंग गरम होऊ देतो. चैत्र-वैशाखातल्या जत्रांत आणि उरुसांत उलट परिस्थिती. घाम लगेच सुटतो, पकड निसटते. मग पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, ती पकड बसावी म्हणून. नागपंचमीच्या सुमाराच्या कुस्त्यांना पावसाची ओल असते. माती जड होते, पाय रुततो. तिथं चपळाईपेक्षा वजन आणि कब्जा यांचं राज्य असतं. एकाच जिल्ह्यात माण-खटावचा कोरडा मुलूख आहे आणि पाटणचा पावसाचा पट्टा आहे. इकडे जत-आटपाडी आहे आणि तिकडे शिराळा. पैलवान मैदानं मारत फिरतो तेव्हा तो या सगळ्या जमिनी वाचत फिरत असतो.

इथं एका शब्दाकडे लक्ष वेधल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरातल्या उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. पोराला तालीम दिली म्हणजे त्याला शिकवलं. मराठीनं तोच शब्द घेतला आणि कुस्ती शिकण्याच्या जागेला दिला. 'उस्ताद'चा 'वस्ताद' केला. 'पहलवान'चा 'पैलवान' केला. कुस्ती, जोर, मैदान हे शब्दही फारसीतून आले आणि इथल्या लाल मातीत इतके मुरले, की आता त्यांना परके म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. मराठी माणसानं शिक्षणाच्या शब्दानं आखाड्याचं नाव ठेवलं, यात मला शहाणपण दिसतं. तालमीत नुसतं अंग कमवायचं नसतं, शिकायचं असतं. आणि शिकायची पहिली वस्तू म्हणजे जमीन.

आता माती आणि मॅट यांत फरक काय, ते बघू. आपल्याकडे मॅटला 'गादी' म्हणतात. मातीवर पैलवान अनवाणी असतो. पायाची बोटं मातीत रुतवून तो उभा राहतो. समोरच्याला सहजासहजी उचलता येत नाही. झेपावून पाय धरायला जावं, तर गुडघा मातीत अडतो आणि वेग तिथंच मरतो. म्हणून मातीची कुस्ती ही मान, खांदा, कंबर यांची कुस्ती झाली. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकलंगी या डावांत प्रतिस्पर्ध्याचा तोल त्याच्याच जोरानं ढासळवायचा असतो. वेळेची घाई नसते. पाठ लागली तरच निकाल; नाही तर अर्धा-पाऊण तास झुंजून बरोबरी. ज्याचा दम टिकेल त्याचा डाव.

गादीवर सगळं उलटं. पायात बूट असतात, ते गादीला पकडतात. गुडघा अडत नाही, घसरतो. त्यामुळं विजेसारखं खाली जाऊन पट काढणं हा तिथला राजा डाव. घाम पुसतात, पण अंगाला लावायला माती नाही. त्यामुळं नुसत्या जोराची पकड सुटते, नेमकी पकड लागते. शिवाय घड्याळ असतं. आजच्या नियमांत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. खाली पाडलं की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. पाठ न लावताही माणूस जिंकतो. मातीत संयम हा गुण आहे. गादीवर फार संयम दाखवला तर पंच ताकीद देतात.

या फरकाचा सगळ्यात ठसठशीत पुरावा इतिहासात एकाच जोडीनं ठेवला आहे. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला. १० सप्टेंबरला त्याची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झिबिस्कोशी पडली. कुस्ती गादीवर होती. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. झिबिस्कोनं ओळखलं, की उभं राहण्यात राम नाही. तो गादीवर पालथा पडला आणि गादीला चिकटून राहिला. दोन-अडीच तास झाले, तरी गामाला त्याला उलटा करता आलं नाही. अखेर कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली. तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

पुढं अठरा वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये, पतियाळाच्या महाराजांनी ही जोड पुन्हा लावली. दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पण या वेळी जमीन गामाची होती. माती होती. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. झिबिस्को चीत. माणसं तीच, वयंही साधारण सारखीच वाढलेली. लंडनला जी पकड अडीच तास सुटली नाही, ती पतियाळात बसलीच नाही. जमिनीची ताकद किती, हे यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

पण गामाला आपली जमीन परत मिळाली. ज्याला ती मिळणार नव्हती, त्यानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर सातारा जिल्ह्यानं दिलं.

कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधवांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झालं, पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जे छत्र दिलं, त्याच्या सावलीत सातारा-सांगलीच्या पोरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. खाशाबाही त्यातलेच. देहयष्टी लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला पकड बसवायला सवड मिळू नये. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता, असं जुने लोक सांगत.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला. तोवर त्यांची सगळी कुस्ती मातीतली. तिथं गादी होती, बूट होते, घड्याळ होतं, गुणांचा हिशेब होता आणि नियम इंग्रजीत होते. रीस गार्डनर या अमेरिकी मल्लानं त्यांना तिथं मार्गदर्शन केलं. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लाला हरवलं, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि सहावे आले. परक्या जमिनीवर पहिल्याच पावलात सहावा क्रमांक! आपण टाळ्या वाजवल्या असत्या आणि विषय संपवला असता. खाशाबांनी तसं केलं नाही. पुढची चार वर्षं त्यांनी त्या नव्या जमिनीचा अभ्यास केला आणि वजनाचा गटही वरचा घेतला, सत्तावन्न किलोंचा.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निघताना पैशांची जी ओढाताण झाली, ती कहाणी आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. सरकारी मदतीसाठी खेटे घालावे लागले. गावानं वर्गणी काढली. ते ज्या कॉलेजात शिकले, तिथल्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मदत करणाऱ्यांत मातीत बसणारे शेतकरी होते, दुकानदार होते, मास्तर होते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी गादी कधी डोळ्यानं पाहिली नसावी.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. या माणसाची गोष्टही आपल्या विषयाला धरून आहे. इशी मुळात ज्यूदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानवर अमेरिकेचा ताबा आला आणि ज्यूदोवर निर्बंध आले. इशीच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली. तेव्हा तो कुस्तीकडे वळला, आणि त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकमेव सुवर्णपदक त्यानं मिळवलं. म्हणजे त्या दिवशी गादीवर समोरासमोर उभे होते ते दोघंही दुसऱ्या जमिनीवरून आलेले. एक मातीतून, दुसरा ज्यूदोच्या चटईवरून. ती झुंज खाशाबा निर्णयावर हरले.

त्यानंतर विश्रांती न मिळता लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला उभं केलं गेलं, दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची सवड मिळायला हवी होती, पण हे ठणकावून सांगायला आपला कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता, ही हकीकत आजवर अनेकांनी लिहिली आणि सांगितली आहे. ती कुस्तीही गेली. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जमीन वाचण्यात खाशाबा कुठं कमी पडले नाहीत. नियमाचा कागद वाचून दाखवणारा माणूस मात्र त्यांच्या पाठीशी नव्हता. तोही या खेळाचाच भाग असतो, हे आपल्याला फार उशिरा कळलं.

कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या वाटेला काही तास लागले. मग काय झालं? खाशाबांनी कुस्त्या करून कर्ज फेडलं. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. मेलबर्नच्या ऑलिम्पिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीनं मोडली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

एका माणसानं स्वतःच्या हिमतीनं जमीन बदलून दाखवली, ही गोष्ट अभिमानाची. पण त्याच्यामागून येणाऱ्यांना ती नवी जमीन गावात मिळाली का? याचं उत्तर तितकं अभिमानाचं नाही.

मातीतल्या माणसाला गादीवर जमत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगली जिल्ह्याचं उत्तर तयार आहे. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने. दोघंही हिंदकेसरी; आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. दोघंही लाल मातीतच घडलेले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमन प्रकारातलं होतं. या प्रकारात कमरेखाली हात लावायला मनाई असते. माझा तर्क असा, की इथं मातीची विद्या उपयोगी पडली असणार. पाय धरण्याचा जो डाव मातीत कमी खेळला जातो, तो ग्रीको-रोमनमध्ये मुळातच बाद आहे. उरते ती मान, खांदा, कंबर यांची झुंज. ती तर आपल्या तालमीची रोजची भाकरी! जमीन परकी होती, पण तिच्यावर आपल्या ओळखीचा एक कोपरा होता.

१९६१ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. आज तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता यांची शेवटची गाठ गादीवर पडते. म्हणजे पन्नास-साठ वर्षांत आपल्या कुस्तीनं एक तडजोड केली. मातीला मान ठेवला, पण शेवटचा शब्द गादीला दिला. मातीत वाढलेल्या पोराला आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती दुसऱ्याच्या जमिनीवर खेळावी लागते.

एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा साताऱ्यात झाली. ऐन रंगात अवकाळी पावसानं मैदान झोडपलं, गाद्या भिजल्या आणि कुस्त्या थांबवाव्या लागल्या. यात मला एक मजेशीर विरोधाभास दिसतो. माती भिजली की जड होते, पण ओल बेताची असेल तर कुस्ती चालते. नवी माती टाकून, उकरून ती सावरता येते. गादी भिजली की तिच्यावर उभंही राहता येत नाही. गादीला छप्पर लागतं. म्हणजे गादी नुसती विकत आणून भागत नाही. तिच्याबरोबर इमारत लागते, दिवे लागतात, राखण लागते. मातीची तालीम गाव स्वतःच्या बळावर उभारू शकत होतं. गादीची तालीम उभारायला सरकार, साखर कारखाना किंवा कुणी धनवान पाठीशी लागतो. नुसतं जुन्याचं प्रेम हे गादी उशिरा येण्याचं कारण नव्हतं. पैशाचा हिशेब हेही होतं.

आणि या हिशेबात पैलवानाचं घरही येतं. मातीच्या मैदानात इनाम रोख मिळतं. दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोजचा असतो. बाप एखादं जनावर विकून तो पुरवतो. जत्रेतल्या चार कुस्त्या मारल्या तर महिना निघतो. गादीवरच्या पदकाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि ते मिळेलच असं नाही. आपला पोरगा मातीत धावला की गादीकडे गेला, याला आपण आवड म्हणतो. पुष्कळदा ती आवड नसते, उद्याच्या दुधाचं बिल असतं.

तरी चित्र बदलतं आहे. २००४ साली महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. ज्या हौद्यात मुलींना शतकानुशतकं पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्या शेजारी गादी आली आणि तिच्यासोबत मुलीही आल्या. नव्या जमिनीवर जुने पहारेकरी नव्हते. जमीन बदलली की नुसता डाव बदलत नाही, कोण खेळायचं तेही बदलतं.

म्हणून माती की गादी, या वादात मला बाजू घ्यायची नाही. मातीनं दम दिला, तोल दिला, समोरच्याच्या जोरावर डाव टाकण्याची अक्कल दिली. गादीनं वेग दिला आणि जगाचा दरवाजा दिला. दोन्ही जमिनींची भाषा येणारा पैलवान आपल्याला हवा आहे, आणि तसा तो घडायचा असेल तर दोन्ही जमिनी त्याला लहानपणीच, त्याच्याच तालुक्यात मिळायला हव्यात. ऐन विशीत, मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर, पहिल्यांदा बूट घालून गादीवर उभं राहण्याची पाळी कुणावर येऊ नये. खाशाबांवर ती आली होती. ते खाशाबा होते म्हणून निभावलं.

हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ साल उजाडलं. पॅरिसला ते मिळवलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं, नेमबाजीत. मध्ये बहात्तर वर्षं गेली. या बहात्तर वर्षांत आपल्या दोन जिल्ह्यांच्या तालमींतून किती खाशाबा मातीत उतरले आणि मातीतच राहिले, त्याची मोजदाद कुणाकडे नाही. गोळेश्वरला खाशाबांच्या नावानं जाहीर झालेलं कुस्ती संकुल उभं राहत नाही, म्हणून २०१७ साली त्यांच्या कुटुंबावर ते कांस्यपदक लिलावात काढण्याची भाषा करण्याची वेळ आली होती. खाशाबांसाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य आणि वर्गणी काढणारे शेतकरी यांनी असं काही होईल, ही कल्पना तरी केली असेल का? त्यांनी आपल्या ऐपतीबाहेर जाऊन एका पोराला परक्या जमिनीपर्यंत पोहोचवलं. ती जमीन पोरांच्या गावात आणून घालणं हे त्यांच्यानंतरच्या आपल्या सगळ्यांचं काम होतं. अजूनही आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)